मद्यपी चालकाच्या रक्ताचा नमुना: सुई कुणी धरायची आणि कशी

रात्री दीडच्या सुमाराला अपघात विभागाच्या दारात पोलिसांची गाडी थांबते. दोन अंमलदार एका माणसाला दंडाला धरून आत आणतात. हातात यादी, म्हणजे पोलिसांचं लेखी मागणीपत्र, असते: "सदर इसम दारूच्या नशेत वाहन चालवताना मिळून आला, तरी त्याची वैद्यकीय तपासणी होऊन रक्ताचा नमुना मिळावा." सिस्टर सवयीने ट्रे पुढे ओढतात आणि स्पिरिटचा बोळा हातात घेतात. त्यांचं काहीच चुकत नाही, रोज पन्नास जणांचं रक्त त्या असंच काढतात. पण हा बोळा त्या माणसाच्या कातडीला लागला, की दोन-तीन वर्षांनी कोर्टात बचावाच्या वकिलाचा पहिला प्रश्न तयार झालाच म्हणून समजा.

सरकारी रुग्णालयांच्या रात्रपाळीत असे कितीतरी नमुने मी काढले आहेत आणि त्यांतल्या काहींसाठी साक्षीलाही उभा राहिलो आहे. नव्याने रुजू झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना याबद्दल कुणी बसवून शिकवत नाही. पोलिसांनाही बहुतेक ठिकाणी जुन्या हवालदारांकडून ऐकूनच शिकावं लागतं. ज्याचं रक्त काढलं जातं त्या चालकाला तर यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून हे तिघांसाठीही लिहितो आहे. यातलं सगळं महाराष्ट्रातल्या कामाला धरून आहे. केंद्राचे कायदे देशभर सारखेच, दारूबंदीचा कायदा मात्र आपल्या राज्याचा.

आधी सरळ उत्तर

रक्त काढण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांचा. पोलिसांना तो नाही, वाहतूक शाखेच्या अंमलदाराला नाही, आरटीओच्या निरीक्षकाला नाही. वॉर्डबॉयचा तर प्रश्नच येत नाही. सिस्टर किंवा लॅब टेक्निशियन मदत करू शकतात, पण डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि त्यांच्या देखरेखीखाली. माझा सल्ला याहून कडक आहे: या एका नमुन्यापुरती सुई डॉक्टरांनी स्वतःच्या हातात घ्यावी. असं का म्हणतो, ते कायद्यांच्या भाषेतून कळतं.

या कामाला तीन कायदे लागू होतात आणि तिघांची भाषा थोडी वेगळी आहे.

पहिला मोटार वाहन कायदा, १९८८. त्याचं कलम २०४ सांगतं, की अटक झालेल्या चालकाला पोलीस अधिकारी "हजर केलेल्या नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडे" रक्ताचा नमुना द्यायला सांगू शकतो. म्हणजे डॉक्टर कोणता हे पोलीस ठरवतील, पण नमुना घेणारा डॉक्टरच असेल.

दुसरा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३. १ जुलै २०२४ पासून तिने जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेतली. जुनं कलम ५३ आता कलम ५१ झालं आहे. यात पोलिसांच्या विनंतीवरून नोंदणीकृत डॉक्टर अटकेतल्या माणसाची तपासणी करू शकतात, आणि "त्यांच्या मदतीला, त्यांच्या निर्देशानुसार, सद्भावनेने काम करणारी व्यक्ती" सुद्धा. सिस्टर आणि टेक्निशियन यांना कायद्यात जागा मिळते ती या शब्दांमुळे. पूर्वी ही विनंती किमान फौजदार दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायची असे, नव्या संहितेत ती अट राहिलेली नाही. नोंदणीकृत म्हणजे कोण, हेही याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे: राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली मान्य असलेली पदवी आणि त्या कायद्याखालच्या राष्ट्रीय किंवा राज्य नोंदवहीत नाव. अनेक ग्रामीण केंद्रांत रात्रपाळीला आयुर्वेदाचे पदवीधर असतात आणि मनापासून काम करतात. पण यादीत कलम ५१ लिहिलेलं असेल, तर नमुना एमबीबीएस डॉक्टरांनीच घ्यावा. यात कुणाला कमी लेखायचं नाही. पुढे प्रश्नच उभा राहू नये, एवढंच.

तिसरा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९, म्हणजे पूर्वीचा मुंबई दारूबंदी कायदा. त्याच्या कलम १२९-अ मध्ये राज्य सरकारने अधिकृत केलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांकडेच संशयिताला हजर करायचं असतं. या कलमाच्या जोडीला १९५९ चे वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणीचे नियम आहेत. त्या नियमांमध्ये सिरिंज वापरण्यापासून कुपी सीलबंद करण्यापर्यंत प्रत्येक क्रियेचा कर्ता एकच आहे, डॉक्टर. मदतनीसाचा उल्लेख नाही. आपल्याकडच्या बऱ्याच याद्यांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ सोबत दारूबंदीचं कलमही असतं. मग सर्वांत कडक नियम पाळलेला बरा, म्हणजे तिन्ही कायद्यांखाली नमुना टिकतो.

तेव्हा यादी हातात आली की नाव वाचण्याआधी कलम वाचा.

रक्ताच्या आधी श्वास

रक्ताची पाळी एकदम येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ खाली गणवेशातला पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन विभागाने अधिकार दिलेला अधिकारी चालकाला यंत्रात फुंकायला सांगू शकतो. आरटीओच्या माणसाचा अधिकार इथे संपतो, कारण रक्ताची मागणी फक्त पोलीस अधिकारीच करू शकतो. यंत्राने दारू दाखवली, किंवा चालकाने फुंकायला नकार दिला आणि तरी संशय पक्का असला, तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. अटकेनंतर पोलीस ठाण्यात त्याला पुन्हा एकदा फुंकण्याची संधी द्यावी लागते. त्यानंतर रक्त.

मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. त्याहून जास्त आढळलं की कलम १८५ लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दारूबंदी कायद्यातला आकडा वेगळा आहे. तिथे कलम ६६ मध्ये ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम ही रेषा धरली आहे. एकच अहवाल एका कलमाखाली दोषी धरायला पुरेसा आणि दुसऱ्या कलमाखाली अपुरा ठरू शकतो. अहवाल वाचताना ही गफलत फार होते.

श्वासचाचणीचा निकाल पुरावा म्हणून चालतो. मग रक्त कशाला, असं तरुण अंमलदार विचारतात. साधा नाकाबंदीतला खटला असेल तर बहुतेकदा श्वासावर भागतं. पण अपघात झाला असेल, कुणी जखमी झालं असेल किंवा दगावलं असेल, तर यंत्राच्या एका चिठ्ठीवर सगळं सोडू नका.

गांजा, गोळ्या, कफ सिरप यांची नशा यंत्राला कळतच नाही. कलम २०४ ची सगळी रचना दारूभोवती आहे. यंत्र शून्य दाखवतं आणि माणूस तर धड उभा राहू शकत नाही, असं असेल तर कलम ५१ खाली तपासणीची विनंती करा. रक्ताबरोबर लघवीचा नमुनाही मागा.

दोन तासांचं घड्याळ

कलम २०२ मधली एक अट पोलिसांच्या नजरेतून सुटते. कलम १८५ साठी अटक केलेल्या माणसाची नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत व्हायला हवी. झाली नाही, तर त्याला कोठडीतून सोडावं लागतं.

शरीराचं घड्याळही थांबत नाही. पोटातली दारू रक्तात उतरून झाली की साधारण तासाला १० ते २० मिलिग्रॅम या वेगाने ती कमी होत जाते. मध्यरात्री ज्याच्या रक्तात ६० मिलिग्रॅम होतं, त्याचा नमुना पहाटे तीनला घेतला तर आकडा १५ च्या आसपास येऊ शकतो. म्हणजे मर्यादेच्या निम्मा. उलट, शेवटचा पेला रिकामा करून लगेच गाडीत बसलेल्या माणसाचा आकडा पुढचा अर्धा-पाऊण तास वाढतही असतो. म्हणून चार वेळा कागदावर वेगवेगळ्या लिहा: घटनेची, अटकेची, रुग्णालयात आणल्याची आणि सुई टोचल्याची. नुसतं "रात्री दोन वाजता" लिहिलं तर कोर्टात विचारतात, दोन वाजता काय झालं?

सुईआधी माणूस बघा

इथे थोडा थांबतो, कारण सर्वांत मोठ्या चुका इथे झालेल्या मी पाहिल्या आहेत.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका मालवाहू गाडीच्या चालकाला "फुल टाइट आहे साहेब" म्हणून आणलं होतं. बोलणं अडखळत होतं, अंगाला घाम, चालताना झोकांड्या. तोंडाला वासही येत होता. सोबतच्या सिस्टर अनुभवी होत्या. त्यांनी मला न विचारता बोटाला सुई टोचून रक्तातली साखर पाहिली, ३८, म्हणजे धोक्याइतकी कमी. सलाइनमधून ग्लुकोज गेलं आणि पाच-सात मिनिटांत तो नीट उत्तरं देऊ लागला. इन्सुलिन घेतलं होतं, जेवला नव्हता, संध्याकाळी थोडी घेतलीही होती. त्या दिवशी मी आधी नमुना, मग तपासणी असा क्रम धरला असता, तर तो माणूस कोठडीत बेशुद्ध झाला असता.

डोक्याला मार लागलेल्याचंही तेच. वास येतो म्हणून गुंगी दारूचीच आहे असं समजायचं नाही. बाहुल्या बघा, कानातून किंवा नाकातून रक्त येतंय का बघा, टाळूवर हात फिरवून सूज चाचपा. शंका आली तर सिटी स्कॅन आधी, यादी नंतर.

मग नशेची तपासणी. तोंडाचा वास, डोळ्यांची लाली, बाहुल्यांचा आकार, बोलणं, चाल, बोट नाकाला लावणं, सही करताना अक्षर. या प्रत्येकाची नोंद प्रमाणपत्रात करा. पण एवढ्यावर "दारूच्या अमलाखाली" असं लिहून मोकळे होऊ नका. महाराष्ट्रातल्याच एका वाहनचालकाच्या खटल्यात १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि विसंगत बोलणं एवढ्याने नशा निर्णायकपणे सिद्ध होत नाही. रक्त किंवा लघवी तपासायला हवी होती. पन्नास वर्षांनंतरही रक्त न काढता दिलेली प्रमाणपत्रं दिसतात आणि खटले तिथेच मोडतात.

संमती, नकार आणि बळ

आधी विचारा. त्याला समजेल अशा भाषेत सांगा: पोलिसांनी तुमच्या रक्ताची तपासणी मागितली आहे, त्यात दारूचं प्रमाण पाहिलं जाईल, अहवाल कोर्टात जाईल. तो हो म्हणाला तर सही किंवा डाव्या हाताचा अंगठा घ्या. सही त्याने स्वतः करावी, नातेवाइकाने नव्हे.

नाही म्हणाला तर? इथे तीन कायदे तीन वाटांनी जातात. मोटार वाहन कायदा बळजबरीचं बोलत नाही, पण कलम २०५ प्रमाणे वाजवी कारण नसताना दिलेला नकार त्याच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देणारा धरता येतो. कलम ५१ मध्ये तपासणीसाठी वाजवी तेवढं बळ वापरता येतं. दारूबंदीच्या कलम १२९-अ मध्येही प्रतिकार मोडून काढण्याची तरतूद आहे. रक्त देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं, हा युक्तिवादही चालत नाही. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने अशा शारीरिक पुराव्याला स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचं संरक्षण लागू होत नाही असं ठरवलं.

हे असूनही माझा अनुभव सांगतो. चौघांनी दाबून धरलेल्या, हातपाय झाडणाऱ्या माणसाच्या शिरेत सुई घालणं धोक्याचं आहे, त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. पाणी द्या, दहा मिनिटं जाऊ द्या, पुन्हा विचारा. बहुतेक जण दुसऱ्यांदा हात पुढे करतात. तरीही नकार कायम असेल तर त्याचेच शब्द, वेळेसकट, कागदावर उतरवा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि यादीवर तसं लिहून परत द्या. तो कागद कलम २०५ साठी लागतो.

महिला चालक असेल तर दोन नियम डोळ्यांसमोर ठेवा. कलम २०४ प्रमाणे डॉक्टर पुरुष असले तर नमुना घेताना दुसरी स्त्री हजर हवी, मग ती डॉक्टर असो वा नसो. कलम ५१ मात्र महिलेची तपासणी महिला डॉक्टरांनीच किंवा त्यांच्या देखरेखीखाली करावी असं सांगतं. महिला डॉक्टरांना बोलावून घ्यावं, हाच सुरक्षित मार्ग. हजर असलेल्या स्त्रीचं नाव आणि हुद्दा नोंदीत आलाच पाहिजे.

प्रत्यक्ष नमुना

साबण आणि पाण्याने हात धुवा. ट्रॉलीवरच्या सॅनिटायझरला हात लावू नका. करोनानंतर तो प्रत्येक खाटेशी टांगलेला असतो, हात आपोआप तिकडे जातो, आणि त्यात अल्कोहोलच असतं. हातमोजे घातल्यावर मोज्यांवर सॅनिटायझर चोळण्याची सवयही इथे सोडायची.

ट्रेमध्ये स्पिरिटचा डबाच ठेवू नका. १९५९ च्या नियमांत शब्द स्पष्ट आहेत: रक्त काढताना कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होता कामा नये. जागा निर्जंतुक पाण्याने किंवा सलाइनने भिजवलेल्या कापसाने पुसा आणि कोरडी होऊ द्या. जंतुनाशक वापरायचंच असेल तर बाटलीवरचं लेबल वाचा. आयोडीनच्या काही द्रावणांत अल्कोहोल मिसळलेलं असतं. लावलेलं स्पिरिट वाळलं की आकड्यात फारसा फरक पडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण उलटतपासणीत प्रश्न आकड्याचा नसतो, नियम पाळला की नाही याचा असतो.

नियम लिहिले तेव्हा काचेची सिरिंज उकळून घेत असत. आज आपण एकदाच वापरायची सिरिंज घेतो. तिचं पाकीट त्या माणसासमोर आणि पोलिसासमोर फोडा आणि "नवी निर्जंतुक सिरिंज वापरली" असं लिहा.

ज्या हाताला सलाइन लागलंय त्या हातातून रक्त घेऊ नका, दुसरा हात घ्या. दोन्ही हातांना लागलं असेल तर पायातून घ्या आणि तशी नोंद करा. शिरेतलं रक्त हवं, किमान ५ मिलिलिटर.

कुपी प्रयोगशाळेने पुरवलेलीच घ्या. तिच्यात तळाशी पांढरी पूड दिसते, सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट. ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही. फ्लोराइडचं काम जास्त महत्त्वाचं आहे: ते जंतूंची वाढ आणि साखर कुजणं रोखतं. ते नसेल तर गरम खोलीत पडून राहिलेल्या रक्तात जंतू स्वतःच अल्कोहोल तयार करू शकतात, किंवा असलेलं अल्कोहोल संपवू शकतात. म्हणजे न प्यायलेला अडकू शकतो आणि प्यायलेला सुटू शकतो. कुपी रिकामी, पूड नसलेली आली तर वापरू नका. मुदत संपली असेल तरी नको. कुपी बऱ्यापैकी भरा, कारण वर मोकळी जागा राहिली की अल्कोहोल उडून तिथे जमतं. बूच घट्ट लावा आणि पूड पूर्ण विरघळेपर्यंत हलवा. सिस्टर किंवा टेक्निशियन यांनी मदत केली असेल तर त्यांचं नाव, हुद्दा आणि नेमकी कोणती मदत केली हे लिहा. "कर्मचाऱ्यांच्या मदतीने" हे शब्द पुरेसे नाहीत.

लेबल, लाख आणि तुमची नजर

मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला. सरकारी रुग्णालयातले दोन डॉक्टर आणि एक कर्मचारी अटकेत गेले. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी डीएनए ताडून पाहिल्यावर पहिला नमुना त्या चालकाचा नसल्याचं पोलिसांनी सांगितलं. दोन जीव गेले होते. त्या बातम्या वाचताना आपल्या पेशाची मान किती खाली गेली, ते माझ्यासारख्या प्रत्येकाला जाणवलं असेल. म्हणून या टप्प्यावर मी कुणावरच विश्वास टाकत नाही, स्वतःच्या स्मरणशक्तीवरही नाही.

लेबल कुपीवर चिकटवा, खोक्यावर नको. त्यावर पूर्ण नाव, वय, एमएलसी (पोलीस प्रकरणाच्या वैद्यकीय नोंदीचा) क्रमांक, पोलीस ठाणं, गुन्हा किंवा स्टेशन डायरी क्रमांक, तारीख, रक्त काढल्याची वेळ आणि तुमची सही. प्रमाणपत्रात ओळखीच्या दोन खुणा लिहा, आणि त्या खऱ्या खुणा असू द्या. "छातीवर तीळ" तर निम्म्या गावाला असतो. "डाव्या कोपराच्या बाहेर दोन सेंटिमीटरचा जुना व्रण" असं लिहिलं की माणूस ओळखता येतो.

मग लाख. मेणबत्तीवर कांडी धरून बुचावर थेंब पाडायचे आणि गरम असतानाच शिक्का दाबायचा. शिक्का कार्यालयाचा किंवा तुमच्या नावाच्या अक्षरांचा. त्याच शिक्क्याचा ठसा सोबतच्या फॉर्म ब वर उमटवायचा, म्हणजे प्रयोगशाळेतला माणूस दोन्ही जुळवून पाहू शकतो. ही पाच मिनिटं कुपी तुमच्या डोळ्यांसमोरून हलू द्यायची नाही. पलीकडे दुसरा रुग्ण ओरडत असेल तर कुपी खिशात घालून तिकडे जा, पण ट्रेवर ठेवून जाऊ नका.

हे मी किंमत मोजून शिकलो. एका गर्दीच्या रात्री नमुना काढून मी पुढच्या रुग्णाकडे धावलो आणि "सील करून द्या" एवढं सांगून गेलो. तीन वर्षांनी साक्षीत विचारलं गेलं: सील तुमच्यासमोर झालं का? खोटं बोलणं शक्य नव्हतं. "नाही" म्हणालो. त्या अपघातात ज्यांचा मुलगा गेला होता, ते मागच्या बाकावर बसले होते. निकालात तो नमुना विचारात घेतला गेला नाही.

कुपी रुग्णालयाबाहेर पडल्यावर

ज्या अंमलदाराला कुपी दिली त्याचं नाव, बक्कल नंबर, सही आणि वेळ एमएलसी रजिस्टरवर घ्या. पोलिसांनी ती मुद्देमाल रजिस्टरला नोंदवायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची, कपाटात किंवा गाडीच्या डिकीत नव्हे. १९५९ च्या नियमांप्रमाणे नमुना टपालाने किंवा खास माणसाबरोबर पाठवायचा आणि काढल्यापासून सात दिवसांत तो परीक्षकाकडे पोहोचला पाहिजे. शुक्रवारी रात्री काढलेला नमुना शनिवार-रविवार तसाच पडून राहतो, मग बंदोबस्त लागतो आणि आठवडा सरतो. सोमवारी सकाळी कोण घेऊन जाणार, हे शुक्रवारी रात्रीच ठरवा.

कलम २०४ मध्ये प्रयोगशाळा म्हणजे केंद्र किंवा राज्य सरकारने स्थापन केलेली, चालवलेली किंवा मान्यता दिलेली. आपल्याकडे मुंबईत कलिना इथे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय आहे, आणि नागपूर, पुणे, नाशिक अशा ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. पोलिसांच्या तोंडी ज्याला "सीए रिपोर्ट" म्हणतात तो इथून येतो. खासगी रुग्णालयाने उपचारासाठी केलेली अल्कोहोलची चाचणी याची जागा घेऊ शकत नाही. ती बहुतेकदा सीरमवर, म्हणजे रक्त गोठल्यावर पेशी वगळून उरणाऱ्या द्रवावर, करतात. सीरममध्ये पाण्याचा अंश जास्त, म्हणून त्यातला आकडा पूर्ण रक्तापेक्षा वर येतो. आकडा ३० च्या आसपास असलेल्या माणसाला हा फरक महागात पडू शकतो.

चालक दाखल असेल तर

अपघातातला चालक खाटेवर असेल, तर त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. पोलिसांनी नमुना मागण्याआधी त्यांना कळवलंच पाहिजे, आणि नमुन्यामुळे उपचाराला बाधा येईल असं ते म्हणाले तर नमुना मागता येत नाही. श्वासाला आणि रक्ताला दोन्हीला हाच नियम. दाखल असेपर्यंत श्वासचाचणीवरून अटकही करता येत नाही. पण हा आक्षेप वैद्यकीय कारणासाठी आहे. ओळखीच्या माणसाला वाचवण्यासाठी तो वापरणं हा त्या अधिकाराचा गैरवापर आहे. आक्षेप घेतलात तर कारण लिहा, आणि प्रकृती सुधारल्याबरोबर पोलिसांना कळवा.

गंभीर जखमीचं रक्त गट आणि तपासण्यांसाठी तसंही काढलं जातंच. त्याच वेळी फ्लोराइडच्या कुपीत थोडं रक्त घेऊन, वेळ लिहून, सील करून ठेवावं आणि पोलिसांच्या लेखी मागणीवर द्यावं, असं मी करत आलो. असा नमुना कलम १२९-अ खालचा नसला तरी एवढ्यावरून तो बाद होत नाही. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका मोटारचालकाच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. मात्र तो नीट काढला आणि मध्ये कुणी हात लावला नाही, हे सिद्ध करावं लागतं.

चालक जागीच गेला असेल तर नमुना शवविच्छेदनात घेतात. तो मांडीच्या शिरेतून घ्यावा, छातीच्या पोकळीतून कधीही नाही. फुटलेल्या जठरातली दारू तिथे मिसळते आणि आकडा खोटा होतो.

चालकाने काय मागावं

तुम्ही स्वतः किंवा तुमच्या घरचं कुणी अशा प्रसंगात सापडलं, तर आवाज न चढवता इतकं विचारा: रक्त कोण काढतंय आणि ते डॉक्टर आहेत का. सिरिंज समोर फोडायला सांगा. स्पिरिट लावू नका असं म्हणा, तो तुमचा हट्ट नाही, नियमच आहे. मधुमेह, फिट्स, चालू औषधं आधीच सांगून टाका. लेबलवरचं नाव वाचा आणि सील होईपर्यंत तिथून हलू नका. अटकेनंतरची जी वैद्यकीय तपासणी नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ खाली होते, तिच्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला मिळाली पाहिजे. ती मागून घ्या.

"साहेब, इथेच मिटवा" असं म्हणण्यात अर्थ नाही. कलम १८५ चा गुन्हा रस्त्यावर दंड भरून मिटण्यासारखा नाही, तो कोर्टातच जातो. परवाना जप्त होऊन पुढच्या कारवाईला पाठवला जाऊ शकतो, ते वेगळंच.

साक्षीला जाताना

समन्स येतं तेव्हा तुमची बदली होऊन गेलेली असते. रजिस्टर जुन्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये, कधी ओल लागलेलं. म्हणून प्रत्येक नमुन्यानंतर एक छोटी वही भरायची सवय लावून घ्या: तारीख, एमएलसी क्रमांक, सुई टोचल्याची वेळ, कोणता हात, जागा कशाने पुसली, कुपी कुणाला दिली. रुग्णाचं नाव त्यात लिहायची गरज नाही. साक्षीच्या आदल्या दिवशी जुन्या रुग्णालयात फोन करून मूळ रजिस्टर कोर्टात आणायला सांगा आणि ते कोण आणणार त्याचं नाव विचारून ठेवा. विटनेस बॉक्समध्ये "आठवत नाही" म्हणायला लाजू नका, पण पुढे लगेच म्हणा, "नोंद पाहून सांगतो." माझ्या सहाव्या की सातव्या साक्षीत वकिलांनी विचारलं होतं, डॉक्टर, त्या रात्री स्पिरिट वापरलं नाही हे तुम्हाला इतक्या वर्षांनी कसं आठवतं? मी रजिस्टरची ओळ वाचून दाखवली: "जागा सलाइनने स्वच्छ केली, रक्त उजव्या कोपरातून, २ वाजून १० मिनिटं, स्वतः काढलं." त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.